लाल चमचा कुणाकडे?

विसरायचा आजार जडल्यापासून अप्पांची रोज दोनदा न्याहारी व्हायची. मुलगा भरवून जाई, मग मुलगी येई, आणि अप्पा तिला साळसूदपणे सांगत, "मला कुणी विचारलंच नाही." सून ऑफिसात डेटाबेस सांभाळायची. तिथे एकाच नोंदीत दोघांनी एकदम लुडबुड करू नये म्हणून कुलूप असतं. तिने तेच घरात आणलं: लाल चमचा एकच; तो ज्याच्याकडे त्यानेच भरवायचं आणि दुपारपर्यंत तो स्वतःकडेच ठेवायचा, बाकीच्यांनी थांबायचं. आज सकाळपासून चमचा जागेवर नव्हता. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी भरवतंय. दुपारी तिघांची जुंपली. "तू नाही, मी नाही, मग चमचा नेला कुणी?" सून अप्पांच्या खोलीत गेली. चमचा अप्पांच्याच मुठीत निघाला. "अप्पा, उपाशीच बसलात?" "चमचा माझ्याकडे आहे ना?" वर्षभर गादी गुंडाळून ठेवलेल्या खाटेकडे बघत ते म्हणाले, "मग थांब. तुझी सासू अजून जेवतेय."