हिरवी पट्टी

"कॅसेट मिळणार नाही. परत फोन करू नकोस," थोरला ओरडला.

"नको देऊस, दादा. पण तू स्वतः तरी शेवटपर्यंत बघ," पलीकडून धाकटा म्हणाला. "तू उठून गेल्यावर आप्पा तुझ्याबद्दल जे बोलले..."

"तू सांगणार आणि मी खरं मानणार? खोटारडा!"

त्याने फोन आपटला.

पंचवीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. आप्पा छापखान्यातून निवृत्त झाले, त्या दिवशीचा समारंभ. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर थोरला बसला होता, शाळा सोडून त्याच छापखान्यात राबणारा, नखांत शाई असलेला. आणि आप्पा भाषणात कौतुक करत सुटले ते धाकट्याचं. पहिला आला, बक्षीस मिळवलं, घराचं नाव काढलं. थोरला भर सभेतून उठून चालता झाला.

पुढच्याच महिन्यात आप्पांना झटका आला आणि वाचाच गेली. नऊ वर्षं त्यांचं हगणंमुतणं थोरल्याने काढलं. धाकटा वर्षातून दोन दिवस यायचा, फळांची पिशवी घेऊन. नऊ वर्षांत आप्पा थोरल्याशी एक शब्द बोलू शकले नाहीत. आता आप्पाही नव्हते. त्यांचा आवाज जगात उरला होता तो समारंभाच्या या एका व्हिडिओ कॅसेटमध्ये, आणि तिलाही बुरशी लागली होती.

"एकदा चालेल, दुसऱ्यांदा भरवसा नाही," दुरुस्तीवाल्याने कॅसेट उजेडात धरून सांगितलं होतं. कपाटाच्या तळातून त्याने एक जुनं कॅप्चर कार्ड काढून दिलं. "हे कॉम्प्युटरच्या पोटात बसवा. व्हीसीआरमधून चित्र यातून जाईल. आवाजाची वायर मात्र वेगळी आहे हं. ती मागे निळ्या भोकात घाला, आणि मग कॉम्प्युटरला सांगावं लागतं की आवाज माइकऐवजी..."

"वायर जोडता येते मला. छापखाना चालवलाय मी, भाजी नाही विकली."

दुरुस्तीवाल्याने हात जोडले.

रविवारी दुपारी थोरल्याने टेबलावर पसारा मांडला. बायको रोज संध्याकाळी लेकीशी बोलायची तो माइक मॉनिटरसमोर मान वर करून उभा होता. तो त्याने बाजूला ढकलला, वायर निळ्या भोकात खुपसली आणि स्पीकर बंद करून टाकला.

"अहो, स्पीकर कशाला बंद केला?" बायकोने विचारलं. ती या घरात आली तेव्हा आप्पांची वाचा आधीच गेलेली होती. "मला ऐकायचंय ना, सासरे कसे बोलायचे ते."

"नंतर ऐक. आत सगळं भरलं जातंय. मला ते कौतुक पुन्हा कानांत नकोय."

पडद्यावर हार घातलेले आप्पा उभे राहिले. खाली एक हिरवी पट्टी नाचू लागली.

"ही बघ. आवाज कसा दणदणीत येतोय!" थोरला म्हणाला आणि पट्टी पार टोकापर्यंत गेली.

थोड्या वेळाने आप्पांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. थोरल्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ केली.

"आता सुरू झाली असेल आरती! लाडका लेक, सोन्याचा तुकडा! आणि मी कोण? घरगडी?"

"गेलेल्या माणसावर किती दिवस चिडणार हो?"

"मरेपर्यंत! नऊ वर्षं मी यांना भरवलं. धाकट्याने एक घास तरी भरवला का?" तो पडद्याकडे न बघताच हात उडवत ओरडला, "बंद करा, आप्पा! मला तुमचं एक अक्षरही ऐकायचं नाही!"

बायको उठून आत गेली. ती असली काय, नसली काय, त्याचं तोंड चालूच राहिलं.

कॅसेट संपली तेव्हा व्हीसीआरने घरघर केली आणि ती बाहेर सोडेना. थोरल्याने हिसका दिला. आतली फीत वेटोळी होऊन बाहेर आली. त्याने कात्री घेतली आणि कचाकच कापली.

"अहो, आधी बघून तर घ्यायचं, नीट आलंय का!" बायको धावत आली.

"चित्र आलंय, डोळ्यांनी बघितलंय मी. आता मागू दे त्याला कॅसेट. तुकडे पाठवतो!"

फितीचे तुकडे केराच्या डब्यात गेले. त्याला बरं वाटलं. ते तासभरच टिकलं.

धाकट्याचं अर्धं राहिलेलं वाक्य डोक्यातून जाईना. तुझ्याबद्दल जे बोलले. माझ्याबद्दल? चार लोकांत? रागाने त्याचे कान तापले होते, पण हात आपोआप कॉम्प्युटरकडे गेला. बायको मागे येऊन उभी राहिली.

सुरुवातीचं सगळं त्याने भराभर पुढे ढकललं. पडद्यावर पाठमोरा, तरुण थोरला दारातून बाहेर पडला. आप्पा बोलायचे थांबले. दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी धाकट्याच्या खांद्यावरचा हात काढला, शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि चष्मा काढून डोळे पुसले.

"अगं, माझी खुर्ची," थोरल्याचा आवाज चिरकला. त्याने घाईघाईने स्पीकर लावला आणि बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

खुर्ची थोपटत आप्पांनी तोंड उघडलं. सभागृहातली माणसं एकेक करून उभी राहू लागली, धाकटा रडत टाळ्या वाजवू लागला, आणि स्पीकरमधून थोरल्याचाच आवाज खोलीभर घुमला:

"बंद करा, आप्पा! मला तुमचं एक अक्षरही ऐकायचं नाही!"