जोडीची पेटी

सहाव्या रोपाचं पाणी तिने स्वतःच्या हाताने बंद केलं. नळीला चिमटा लावला, वेळ लिहिली आणि उगाचच पेटीची काच पुसत राहिली.

वर, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या प्रयोगशाळेत, अशीच एक पेटी होती. तशीच सहा रोपं, तेवढाच प्रकाश. तिथे जे घडेल तेच चार दिवसांनी इथे घडवायचं, ही तिची नोकरी. चार दिवसांपूर्वी वर सहाव्या रोपाची नळी तुंबली आणि मोकळी व्हायला दोन दिवस गेले. म्हणून हेही रोप आता दोन दिवस कोरडं. तिचा जीव तुटत होता.

घरी तिने हे नवऱ्याला सांगितलं. किडन्यांनी दगा दिल्यापासून त्याला दिवसाला एकच लिटर पाणी होतं. तिने त्याच्या बाटलीवर वेळेप्रमाणे पाच निळ्या रेघा ओढल्या होत्या. मागच्या महिन्यात त्याने चोरून पाणी प्यायलं आणि आठवडाभर दवाखान्यात धापा टाकत काढला. पुन्हा असं झालं तर धडगत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"घाल की गुपचूप दोन थेंब," तो म्हणाला. "कोणाला कळतंय?"

"मग वरच्याला सोबत कोणाची?"

"झाडाला कसली डोंबलाची सोबत! तहान काय असते ते तुला नाही कळायचं. हवं तेवढं पितेस."

ती नुसती हसली आणि कपड्यांच्या घड्या करायला लागली.

रविवारी सकाळी ती चिमटा काढून आली. रोपाने मान टाकली होती, पण धुगधुगी होती. दुपारी तिचा डोळा लागला.

त्याच्या घशाला कोरड पडली होती. स्वतःच्या बाटलीतलं प्यायलं तर रेघ चुगली करणार, नळ सोडला तर आवाज होणार. एका घोटाने काय होतंय, असं म्हणत त्याने तिच्या ऑफिसच्या पिशवीतून बाटली काढली. झाकण फिरवलं आणि तो थांबला.

बाटलीवर पाच निळ्या रेघा होत्या. पुसट झालेल्या, बऱ्याच महिन्यांच्या. पाणी तिसऱ्या रेघेवर होतं, त्याच्या बाटलीत होतं तेवढंच.

त्याने झाकण घट्ट लावलं आणि तिच्या उशाशी जाऊन बसला. डोळे भरून आले होते, ते त्याने पुसले नाहीत. घड्याळात चार वाजेपर्यंत तसाच बसून राहिला.

मग दोन्ही बाटल्या पुढ्यात ठेवून त्याने तिला हलवलं.

"ऊठ गं. आपली पाण्याची वेळ झाली."