एकच ऐकू येतंय

"झोपलाय ना? मग हात लावायचा नाही. उठला तर तूच सांभाळ, मी चालले माहेरी!" सुनेने दबक्या आवाजात दम भरला आणि गाडीतून काढून आणलेली बाळाची खुर्ची, बाळासकट, पट्ट्यांसकट, अलगद गालिच्यावर ठेवली.

तिचा नवरा गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवायचा, आणि घरी आला तरी तो पाय काही उचलायचा नाही.

"अगं, ही गाडीची खुर्ची आहे. गाडीत ती मागे रेललेली असते. इथे बघ कशी ताठ उभी राहिलीय. त्याची मान पुढे पडते. पाळण्यात ठेवू या."

"पाळण्याला पाठ टेकली की टक्क डोळे उघडतो तो. आत्ता कुठे लागलाय डोळा."

"दुकानदाराने बजावलं होतं, गाडीबाहेर यात झोपवू नका म्हणून."

"दुकानदार येणार आहे का याला रात्रभर खांद्यावर घेऊन फिरायला?"

पोराचा आवाज असा खणखणीत, की बापानेच त्याचं नाव भोंपू ठेवलेलं. ती दिवसभर पार्लरमध्ये उभी राहून बायकांचे केस कापायची आणि रात्री भोंपूच्या तालावर येरझाऱ्या घालायची. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती बिचारीच्या. नवऱ्याला ती दिसत नव्हती असं नाही.

"बरं बाई, तुझंच खरं," म्हणून तो सोफ्यावर जाऊन पडला.

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत सासऱ्यांची ब्रह्मानंदी टाळी लागली होती. त्यांचं घोरणं म्हणजे काय विचारता! भिंतीपलीकडचे शेजारी त्यावरून ओळखायचे की यांची जेवणं उरकली. आता त्या घोरण्याला खालून, गालिच्यावरून, साथ मिळाली. तसंच, पण बारीक. खुर्र... खुर्र.

सुनेला हसू आवरेना. "ऐकलंस? आजोबांचा नातू शोभतो! दागदागिने राहिले बाजूला, सासरचं घोरणं तेवढं आलं माझ्या पदरात."

"जुगलबंदी चाललीय," नवराही हसला. झालं, भांडण तिथेच विरलं. तिने सोफ्यावर पाय ताणले, डोळे मिटले. किती दिवसांनी अशी पडली होती ती.

आणि भोंपूचं घोरणं थांबलं.

"लागली बाई एकदाची गाढ," ती पुटपुटली. तिला बरं वाटलं. अगदी खरंच बरं वाटलं.

स्वयंपाकघरात सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. तिथूनच त्यांची हाक आली, "अगं, मला एकच ऐकू येतंय."

"काय म्हणालात, आई?"

परात पडल्याचा दणका आला, मटार फरशीभर पसरले, आणि एरवी गुडघे धरून चालणाऱ्या सासूबाई चक्क पळत बाहेर आल्या. गालिच्यावर बसकण मारून त्यांनी नातवाची हनुवटी छातीवरून वर उचलली. तेव्हा त्याचे ओठ दिसले. जांभळे पडले होते.

"पट्टा सोड! अरे, बघतोस काय, पट्टा सोड!"

नवऱ्याने झेप घेतली. कितीतरी शिकाऊंचे पट्टे सोडवलेले ते हात, पण बटण सापडेना. सापडलं. सासूबाईंनी पोराला बाहेर ओढून हातावर आडवं घेतलं आणि पाठ चोळायला लागल्या. "ए राजा. ए सोन्या. घे रे श्वास, घे." सून नुसती उभी होती.

पोराने एक आचका दिला. मग भोंपू वाजला. अस्सा वाजला, की खिडकीच्या काचा थरथरल्या असतील.

"रड," सून म्हणाली आणि स्वतःच ढसाढसा रडायला लागली. "रड रे बाळा. हवं तेवढं रड." लेकराला छातीशी धरून ती त्याचे ओठ पुन्हा पुन्हा बघत होती. गुलाबी झाले होते. तिने सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. "आई, तुम्ही नसतात तर..."

"आहे ना मी? झालं तर मग. रडू नकोस, त्याला पाज."

'मी सांगत होतो' हे नवऱ्याच्या ओठांवर आलं असेलही, पण त्याने ते गिळलं. तेवढ्यासाठीसुद्धा सुनेने मनोमन त्याचे उपकार मानले. "डॉक्टरांना दाखवून आणू," एवढंच तो म्हणाला आणि खुर्ची उचलून गाडीत बसवायला गेला.

या गदारोळात सासरे जागे झाले होते. काय घडलं ते कळल्यावर किती तरी वेळ ते नातवाच्या पावलावरून हात फिरवत राहिले.

"पण आई, आत बसून तुम्हाला कळलं कसं?" सुनेने विचारलं.

"तिला नाही कळणार तर कुणाला?" सासरे डोळे पुसत म्हणाले. "घोरण्याचा भारी राग तिला. लग्न झाल्यापासून रात्री-अपरात्री कोपराने ढोसून उठवते मला."

सासूबाई फरशीवरचे मटार वेचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्ही घोरता तेव्हा नाही हो ढोसत," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी निवांत झोपते. थांबता, तेव्हा ढोसते."