गच्चीखालची खोली

"वर वारा छान येतो," असं म्हणत लेकाने आईची रवानगी गच्चीखालच्या खोलीत केली. उन्हाळ्यात ते छत तव्यासारखं तापायचं. आईने गुडघ्यांचं गाऱ्हाणं मांडलं, तर सून म्हणाली, "जिना चढउतार केला की गुडघे मोकळे होतात, आई."

यंदा मात्र आईने रंगारी बोलावला आणि गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग मारून घेतला. खोली अशी गार झाली की चहा द्यायला वर आलेली सून तिथेच तासभर घोरली.

संध्याकाळी लेक उशी काखोटीला मारून वर हजर! "आई, या गुडघ्यांनी किती जिने चढशील? आजपासून आम्हीच वर झोपतो."

आईने पलंगावर पाय ऐसपैस पसरले.



"नको रे, सूनबाईच्या जिन्याचा चांगला गुण आलाय. गुडघे अगदी मोकळे झालेत!"