वाटेतलं पाणी

"वाटेत कुणाच्याही हातचं पाणी घ्यायचं नाही, बाईसाहेब. पाड्यावरच्यांच्या तर मुळीच नाही."

दमणीच्या चाकालगत चालता चालता लक्ष्मण सांगत होता. ऊन उतरायच्या आत घाट चढून जायचं. मोह वेचणाऱ्या बायांशी बोलत बसायचं नाही. बोलतात गोड, पण डोळा सामानावर. मुंबईहून हवापालटाला आलेल्या बाई सगळं मन लावून ऐकत होत्या, आणि ऐकणारं माणूस मिळालं की या गड्याला असा चेव चढायचा! जव्हार दरबारचा लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला, मग काय विचारता. लक्ष्मण हे नावसुद्धा दरबारात शोभेल म्हणून त्यानंच घेतलेलं.

साखरशेतच्या वळणावर गाडीवानानं बैल सोडले आणि ओढ्यावर नेले. तेवढ्यात समोरच्या कुडाच्या घरातून एक म्हातारी लगबगीनं आली. एका हातात मडकं, दुसऱ्या हातात सुक्या भोपळ्याचा डवला.

दारासमोर कुणी थांबलं की आधी पाणी द्यायचं, ही पाड्याची रीत. पाणी नाकारतो तो फक्त वैरी. लक्ष्मणला हे कुणी शिकवायला नको होतं. म्हातारी त्याची आई होती, माघी.

"घ्या बाई, झऱ्याचं हाय. गार हाय."

बाईंनी पदर सावरून घेतला, मान हलवली आणि लक्ष्मणकडे पाहिलं. बरोबर ना, असं त्यांना विचारायचं होतं. माघीनं डवला मग त्याच्यापुढे धरला.

घसा कोरडा पडला होता त्याचा. घेतला असता एक घोट तर काय बिघडत होतं? पण मग बाईंनी विचारलं असतं, ही कोण रे तुझी?

"नको," तो म्हणाला. "व्हा बाजूला, बाई."

बाई! जन्म देणारीला!

माघी त्याच्या बिल्ल्याकडे बघत राहिली. मग दमणीतल्या बाईंना म्हणाली, "बराबर सांगतो तो. आयका त्याचं. माझा पोरगा पन दरबारात हाय, असाच पट्टा घालतो. लाडक्या नाव. भेटला तं सांगा, आई बरी हाय."

बाई हसल्या. "लक्ष्मण, ओळखतोस का रे त्याला?"

"नाही, बाईसाहेब."

म्हणून गेला खरा, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान वर होईना.

बैल जुंपले, दमणी हलली. बाई त्याच्यावर भारी खूश होत्या.

"तू होतास म्हणून बरं हो. तुलाही तहान लागली असेल. ओंजळ कर, वरून घालते. माझ्या तांब्याला हात लागू देऊ नकोस हं."

लाडक्यानं ओंजळ पुढे केली. मागे वळणावर माघी अजून उभी होती, पोरगा पाणी पितो की नाही ते बघत.