होतं तसं झाकून

"डबा सापडला की ओरडायचं नाय. आतल्या वहीत नाव लिहायचं आणि होता तसा परत झाकून ठेवायचा," नीलेशदादाने मेघालीला बजावलं. फोनवरच्या खुणेवरून कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा, असा हा जिओकॅशिंगचा खेळ. तिचा पहिलाच दिवस आणि दादा त्यात मुरलेला. शिवाय बोईसरच्या एका केमिकल कंपनीत पर्यावरण अधिकारी. नाल्याकाठी दिसेल ती गुटख्याची पुडी तो पिशवीत भरत होता. "घाण करणाऱ्यांना फोडूनच काढायला पायजे!"

फोनवरची खूण दहा पावलं इकडेतिकडे होते, हे मेघालीला कुठलं ठाऊक? तिने भलतेच दगड बाजूला केले. खाली पाइपाचं तोंड निघालं. लालसर, फेसाळ पाणी नाल्यात ओघळत होतं. वास नाकात शिरला. दोन वर्षं तिच्या आजीच्या, माईच्या विहिरीला येतोय तो हाच वास. विहिरीच्या पाण्याची बाटली तपासायला दादाच घेऊन गेला होता आणि "पाणी चांगलं हाय" असं त्यानेच येऊन सांगितलं होतं.

तिने फोटो काढायला फोन वर केला. दादाने तिचा हात हलकेच खाली दाबला.

"जागेचे फोटो काढायचे नसतात गं. हा पण नियमच हाय."

तिच्यावरची नजर न हलवता तो खाली बसला आणि दगड परत लावू लागला. एकही दगड त्याला फिरवून बघावा लागला नाही. प्रत्येक जिथल्या तिथे बसला.