छंदाचा रकाना

पत्रा कापायच्या कारखान्यातल्या साहेबाने माझ्या बायोडेटाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. त्या हाताला अंगठ्याशिवाय एकच बोट उरलं होतं. “छंद बासरीवादन? मीही वाजवायचो. मशीनने बोटं नेली. तेव्हापासून वाजवणाऱ्याला मी कामावर घेत नाही.” घरी बाबा अंथरुणाला खिळलेले, आणि सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते. “खोटंय, साहेब,” मी म्हणालो. “ताई म्हणाली, छंदाचा रकाना मोकळा बरा दिसत नाही. म्हणून दिलं ठोकून.” त्याने खणातली आपली जुनी बासरी पुसून पुढे केली. “वाजव बघू.” मी मुद्दाम अशी फुंकली, की बाहेरचं मशीन सुरात वाटावं. तो सुटल्यासारखा हसला. “सोमवारी ये.” नेमणुकीच्या कागदावर सही करताना त्याचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. बोटं भोकांवर आपसूक, बिनचूक बसली होती. “ठेव ती तुझ्याकडे,” तो म्हणाला. “जमेल तोवर वाजव.”